सासऱ्यांच्या नावाचा कोळी

कुचिंग
३ मार्च १९९३

रिन्या,

तुला माहेरी सोडून आल्यापासून घरात भांडं पडल्याचासुद्धा आवाज नाही. नूडल्स एकाच पातेल्यात शिजवतो आणि त्याच पातेल्यातून खातो, त्यामुळे पडायला दुसरं भांडं वर नसतंच. हे वाचून तू जो चेहरा करशील तो मला इथून दिसतो आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

मी निघालो त्या सकाळी सासऱ्यांच्या, आपल्या अपाईंच्या, दुरियनच्या झाडाला मिठी मारून उभा होतो आणि सगळं लांबघर, पंचवीसही बिऱ्हाडं, ओसरीवर येऊन हसत होतं, आठवतं? ती मिठी नव्हती. सालीच्या फटीत साबुदाण्याएवढा एक कोळी बसला होता, जाळं न विणता उड्या मारून शिकार करणाऱ्यांतला. तो पलीकडून सटकू नये म्हणून मी दोन्ही हातांनी खोड अडवलं होतं. माझी सासू, तुझी इंदाई, "जावयाला बायको सोडून जाताना झाडाचा आधार लागला" असं सगळ्यांना सांगत होती, ते मी ऐकलं. कोळी हातात असल्यामुळे उत्तर देता आलं नाही.

तो कोळी मी आठवडाभर मायक्रोस्कोपखाली ठेवून बघतो आहे. ह्यांची जात ओळखायची ती नराच्या तोंडाशी असलेल्या दोन इवल्या मुठींवरून. प्रत्येक जातीची मूठ निराळी घडलेली असते, कुलपागणिक किल्लीचे दाते निराळे असतात तशी. संस्थेत आहेत तेवढी सगळी पुस्तकं मी पालथी घातली. असे दाते कुठेच नाहीत. रिन्या, ही नवी जात आहे. आजवर कुणी हिचं वर्णन केलेलं नाही, कुणी हिला नाव दिलेलं नाही, आणि ती आपल्या अपाईंच्या झाडावर आरामात माश्या खात बसली होती.

डॉ. लिम बाईंना दाखवलं. फार कौतुक वाटलं की त्या चष्मा काढतात. त्यांनी काढला. मग परत घालून म्हणाल्या, "वर्णन लिही. छापून आण. ऑक्टोबरात सल्लागार मंडळ येतंय, त्यांच्यापुढे उभा राहून स्वतःच्या तोंडाने सांग. त्यांना पटलं तर तुझी नोकरी कायम. नाहीतर डिसेंबरात तुझा करार संपतोय, आणि पुढचं माझ्या हातात नाही, जिंबुन."

म्हणजे आपलं इथलं घर, तुझी शाळा आणि होणाऱ्या बाळाचा पाळणा कुठल्या आढ्याला टांगायचा, हे सगळं आता त्या साबुदाण्यावर येऊन ठेपलं आहे. मला आनंद झाला आहे आणि धडकीही भरली आहे. अपाईंना सांग, त्यांच्या झाडाने जावयाला हात दिला.

तुझा,
जिंबुन


नांगा सेराऊ
२१ मार्च

जिंबुन,

आधी पातेलं घास.

तुझं पत्र लुबोक आंतूच्या बाजारातल्या दुकानात पडून होतं, काल बोटवाल्याने आणून दिलं. "अपाईंना सांग" असं तू लिहिलंस आणि मी सरळ जाऊन सांगितलं. आपण दोघंही शिकलेले, पण अक्कल एकालाही नाही.

अपाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. मग विचारलं, "झाड कुणाचं?" मी म्हटलं, तुमचं. "मग कोळी कुणाचा?" मी म्हटलं, असं नसतं अपाई. म्हणाले, "माझ्या झाडावरचं दुरियन माझं आणि कोळी काय सरकारचा? नाव माझंच लागणार." आणि उठले ते ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक दारापुढे थांबून सांगत गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, आधी जिंबुनला विचारायला नको होतं का? म्हणाले, "आता पंचवीस दारांना सांगून झालंय. तो नाही कसा म्हणेल?"

ह्याच्या मागे कोण आहे ते तुला ठाऊक आहे. खालच्या लांबघराचे बायांगकाका. कुणी परदेशी पाहुणा त्यांच्या हद्दीतल्या रानआल्याला त्यांचं नाव देऊन गेला, तेव्हापासून काका प्रत्येक सणाला त्या आल्याची पानं डोक्याला खोचून येतात आणि पहिला पेला त्यांना द्यावा लागतो. अपाई काल म्हणाले, "आलं मातीत गाडलेलं असतं. माझा उडी मारतो."

तेव्हा नाव देऊन टाक, आणि मन लावून दे. त्यातून तरी ते दुसऱ्या विषयावर कमी बोलतील. दुसरा विषय म्हणजे आपलं बिलिक, लांबघरातलं आपलं बिऱ्हाड. अपाईंनी आपल्या ह्या खोल्यांवरचं छप्पर नवं करून घेतलंय. मिरीच्या बागेला कुंपण घातलंय. "डिसेंबरात जावई मोकळा होईल," असं ते ज्या आनंदाने म्हणतात ना, ते ऐकून माझ्या पोटातलं बाळ लाथ मारतं. मी त्यांची एकुलती एक. आपल्यानंतर ह्या बिलिकची चूल कुणी पेटवायची हा त्यांचा प्रश्न खोटा नाही, आणि तो ते मोठ्याने विचारत नाहीत म्हणून जास्त लागतो. पण मला माझ्या तिसरीच्या वर्गाला शिकवायला परत जायचंय. मला तुझ्याजवळ राहायचंय. हे मी त्यांना अजून बोललेले नाही.

इंदाईने तुझ्यासाठी खारवलेली मोहरीची भाजी बाटलीत भरून पाठवली आहे. पातेल्यात ओतू नकोस.

रिन्या


कुचिंग
२ मे

रिन्या,

नाव दिलं. आमच्या धंद्यात स्वतःचं नाव स्वतःच्या प्राण्याला देणं म्हणजे निर्लज्जपणा, पण मदत करणाऱ्याचं देता येतं. अपाईंनी मदत काय केली असं कुणी विचारलंच तर म्हणेन, त्यांनी झाड तोडलं नाही.

अडचण वेगळीच आली. वर्णन लिहिताना पेन नावापाशी आलं आणि थांबलं. लग्नाला सहा वर्षं झाली, अपाईंचं नाव मी कधी घेतलेलं नाही, तूही जन्मात घेतलेलं नाहीस. माझ्या आईने मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे सासूसासऱ्यांच्या नावाला जीभ लावायची नाही. लिहिलं तर चालतं की नाही, हे तिने सांगितलं नव्हतं. उगाच जोखीम कशाला, म्हणून मी नावाची जागा सगळीकडे मोकळी सोडली, अपाईंच्या ओळखपत्राची प्रत टाचणीने लावली आणि कागद आमच्या टायपिस्ट दयांगला टाइप करायला दिले. तिने प्रतीवरचा फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "हाच का तो कोळी?" मी म्हटलं, नाव तेवढं घे.

दुपारी कागद तयार. पाहिलं तर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत अपाई बसले होते. मी बोललो नाही, मी लिहिलं नाही, तरी अपाईंचं नाव जगाच्या पुस्तकात गेलं. जीभ नाही, पेन नाही. आपल्या पूर्वजांना ह्यात कुठे बोट ठेवायला जागा आहे ते त्यांनी दाखवावं. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी नूडल्समध्ये अंडं घातलं.

लेख जर्मनीच्या नियतकालिकाला पाठवला आहे. सोबत वर्णनाचा आपल्या भाषेतला तर्जुमा पाठवतो आहे, तो गवाईत, सुगीच्या सणात, सगळ्यांपुढे अपाईंना वाचून दाखव. बायांगकाकांना जवळ बसव. त्या आल्याचं एवढं बारकाईने वर्णन कुणी केलेलं नसणार.

तुझी तब्येत कशी आहे ते तू लिहिलं नाहीस. कोळ्याच्या नादात मी विचारलंही नव्हतं. विचारतो आहे.

जिंबुन


नांगा सेराऊ
२० जून

जिंबुन,

आपल्याला मुलगी झाली. सणाच्या तीन दिवस आधी. मी बरी आहे, ती बरी आहे, इंदाई झोपलेली नाही पण बरी आहे. तिचे डोळे तुझ्यासारखे, सगळीकडे किडे शोधत असल्यासारखे. नाव अजून ठेवलेलं नाही, त्यामुळे रिवाजाप्रमाणे सगळे तिला उलात म्हणतात, अळी. मी आता इंदाई उलात, अळीची आई, झाले आणि तू अपाई उलात, अळीचा बाप. तुझ्या घरात आठ पायांच्या लेकराला आधी नाव मिळालं आणि दोन पायांची अळीच राहिली, हे मी तिला मोठेपणी सांगणार आहे.

आता तुझ्या वर्णनाबद्दल.

सणाच्या संध्याकाळी ओसरी भरलेली. बायांगकाका पानं खोचून पुढे बसलेले. अपाईंनी धनेशाच्या पिसांची टोपी घातलेली. "वाच," म्हणाले. मी उभी राहून, बाळंतीण असून, खणखणीत आवाजात वाचलं. "चेहरा रुंद व चपटा. कपाळावर केस विरळ. पोट फुगीर, मागे लोंबते, वर फिकट डाग. पाय आखूड, पुढची जोडी वाकडी. रंग एकूण मळकट. स्वभावाने भांडखोर. मादीसमोर हात वर करून नाचतो, पण ती दुर्लक्ष करते."

ओसरीवरच्या सगळ्यांनी वळून अपाईंकडे पाहिलं. मग इंदाई म्हणाली, "बघून लिहिलंय."

बायांगकाकांच्या नाकातून दारू आली. दोन माणसांनी त्यांची पाठ चोळली. अपाई उठून आत गेले आणि आतून भिंतीवरचा आरसा खाली काढल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले आणि समजावलं की हे कोळ्याचं वर्णन आहे, नाव फक्त तुमचं आहे. ते म्हणाले, "नाव माझं आणि पाय कुणाचे?" त्यांचं म्हणणं आहे की "आखूड" काढून "मजबूत" लिही. बाकीचं ते सहन करतील. तेवढं कर.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चार दिवसांनी इंदाई मिरी वाळत घालताना म्हणाली, "ऑक्टोबरात जावई सगळ्यांपुढे उभा राहून तोंडाने सांगणार ना? मग सासऱ्याचं नाव घेणार?" माझ्या हातातली मिरी सांडली. ती म्हणाली, "बुसोंग लागेल, पूर्वजांचा कोप. पोट फुगून मरेल." मी म्हटलं, इंदाई, तो शास्त्रज्ञ आहे. म्हणाली, "शास्त्रज्ञाला पोट नसतं?"

अपाई तिथेच जाळं विणत बसले होते, मासे धरायचं. त्यांनी मान वर केली नाही. पण त्या रात्री सणानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले आणि हात धुताना म्हणाले, "ऑक्टोबरात मी कुचिंगला जाणार. पहिल्या रांगेत बसणार."

जिंबुन, मला त्यांचा तो चेहरा माहीत आहे. रानडुकराच्या वाटेवर सापळा लावून आले की असाच असतो.

इंदाई उलात


कुचिंग
१५ जुलै

माझ्या इंदाई उलात,

पत्र संस्थेत मिळालं. पहिली ओळ वाचून मी खिडकीशी गेलो आणि रडायला लागलो. दयांग धावत आली, "कोळी मेला का?" तो मेलेलाच आहे, फेब्रुवारीपासून अल्कोहोलमध्ये आहे. मी म्हटलं, मुलगी झाली. मग ती पण रडली. आम्ही सगळ्या मजल्याला केक वाटला. मंडळ येऊन जाईपर्यंत रजा नाही, नाहीतर आजच बोटीत बसलो असतो. आता मला कुणी जिंबुन म्हणालं की मी मान वळवत नाही. अपाई उलात म्हणा, म्हणतो.

"मजबूत" करता येणार नाही. पाय लांबीने मोजतात, ताकदीने नाही. आणि आता काहीच बदलता येणार नाही, लेख स्वीकारला गेला, सप्टेंबरात छापून येतो आहे. एकदा छापलं की ते नाव जग संपेपर्यंत तसंच राहतं.

इंदाईचं म्हणणं वाचून मी खुर्चीत बसलो. कागदावर मी इतका हुशारीने निसटलो आणि तोंडाचा विचारच केला नाही. ह्याला काय म्हणावं ते तूच ठरव, तुझ्याकडे शब्द जास्त आहेत.

डॉ. लिम बाईंकडे गेलो. म्हटलं, नावाच्या ठिकाणी "नवी जात" म्हटलं तर? म्हणाल्या, मंडळ नावच ऐकायला येतंय. म्हटलं, नाव दुसऱ्या कुणी घेतलं तर? त्यांनी चष्मा घट्ट बसवला. "ज्याला स्वतःच्या शोधाचं नाव घेता येत नाही, त्याला मी कायम कशी करू?" कारण सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. एवढी वर्षं शहरात राहून, इस्त्रीची पॅन्ट घालून, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारा माणूस सासऱ्याच्या नावाला घाबरतो, हे कुठल्या तोंडाने सांगू?

तुला खरं सांगतो. पोटाची भीती थोडी आहे, खोटं कशाला बोलू, पण तेवढीच नाही. ज्या माणसाने आपली एकुलती एक मुलगी मला दिली आणि त्या दिवशी नदीवर एकटाच बसून राहिला, त्याला मी नावाने पुकारायचं? ते माझ्याने होत नाही. न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. पहिलं अक्षर आलं आणि पोटात गुडगुडलं. पातेलं घासलेलं होतं, तेव्हा दोष त्याला देऊ नकोस.

एवढं कर, अपाईंना येऊ देऊ नकोस. ते समोर नसले तर डोळे मिटून कदाचित घेईन.

अपाई उलात


नांगा सेराऊ
४ ऑक्टोबर

जिंबुन,

हे पत्र उद्याच्या बोटीने पुढे जाईल, अपाई पुढच्या आठवड्याच्या बोटीने येतील.

सगळं करून पाहिलं. नदीला पाणी वाढलंय म्हटलं, ते म्हणाले मी पोहतो. बसला फार गर्दी असते म्हटलं, ते म्हणाले मी उभा राहतो. जाऊच नका म्हटलं, तर म्हणाले, "नाव माझं, आणि मीच नको?" सोबत पिसांची टोपी, एक जिवंत कोंबडा आणि बायांगकाकांकडून मागून आणलेला कोट आहे. बायांगकाकांनी कोट दिला म्हणजे त्यांनाही मजा बघायची आहे.

मग मी स्पष्टच विचारलं. म्हटलं, जिंबुन गप्प राहिला तर त्याची नोकरी जाईल, आम्ही इथे राहायला येऊ, तुम्हाला हेच हवंय ना? ते बूट पुसत होते. पुसतच राहिले. ह्याच माणसाने मला पोहायला शिकवलं, जिंबुन, आणि आता माझ्या घरावर टपून बसलाय. मी त्यांच्याशी दोन दिवस बोललेले नाही.

तेव्हा माझं ऐक. नाव घे. मुलीच्या नात्याने मी परवानगी देते. इंदाईने तुझ्यासाठी एक कोंबडं बाजूला काढलंय, व्याख्यानाच्या दिवशी ती ओसरीवर नैवेद्य मांडून पूर्वजांची समजूत काढणार आहे. इतकं करून पोट फुगलंच तर फुगू दे, मी आहे. डोळे मीट आणि घे. मला इथे राहायचं नाही.

रिन्या


कुचिंग
१७ ऑक्टोबर

रिन्या,

अपाई आज सकाळच्या बसने परत निघाले. ते पोचायच्या आत हे पत्र पोचणार नाही, पण ते स्वतः काही सांगणार नाहीत ह्याची मला खात्री आहे, म्हणून सगळं लिहितो.

परवा सभागृह भरलं होतं. मंडळाचे सातआठ लोक, मध्यभागी अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश. आणि पहिल्या रांगेत, मला पडद्याकडे बघायचं तर ज्यांच्यावरून नजर न्यावी लागेल अशा जागी, अपाई. बायांगकाकांचा कोट त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता. डोक्यावर पिसं. त्यांच्या मागच्या माणसाला पडदा दिसत नव्हता, पण त्याची बोलायची छाती झाली नाही.

मी सुरुवात केली. जंगल सांगितलं, झाड सांगितलं, साल सांगितली. झाड इतकं सांगितलं की अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मग पडद्यावर कोळी आला, खोलीएवढा मोठा, पुढचे चारही डोळे रोखून. आता नाव. मी डोळे मिटले. तुझी परवानगी आठवली, इंदाईचं कोंबडं आठवलं, उलात आठवली, तिला मी अजून पाहिलंही नाही. तोंड उघडलं. शब्द दातांपर्यंत आला, रिन्या, आणि तिथे बसून राहिला. मी डोळे उघडले तर समोर अपाई, हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत. मी तोंड मिटलं.

"ह्या जातीचं नाव काय ठेवलंत?" अध्यक्ष म्हणाले.

कुणीतरी खोकलं. अध्यक्ष जरा मऊ आवाजात म्हणाले, "विसरलात का?" डॉ. लिम बाईंनी चष्मा काढला, पण ह्या वेळी तो कौतुकासाठी नव्हता. मला कळलं की संपलं. मी मनात तुझी माफी मागितली आणि कागद गोळा करायला लागलो.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अपाई उठले. कोट सारखा केला, आणि नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात त्यांनी स्वतःचं नाव घेतलं.

अध्यक्ष म्हणाले, "आपण कोण?"

अपाई म्हणाले, "तोच."

सभागृहाला काही कळेना. तेव्हा अपाईंनी त्यांना समजावलं. "हा माझा जावई आहे. आमच्यात जावई सासऱ्याचं नाव घेत नाही. म्हणून तो घेणार नाही. त्याला कोळ्याचं सगळं येतं. तुम्ही विचारा. नाव आलं की मी आहे." आणि ते बसले नाहीत, उभेच राहिले.

मग व्याख्यान झालं. मी बोलत जायचो, नावापाशी थांबायचो, अपाई नाव घ्यायचे, मी पुढे जायचो. थोड्या वेळाने मंडळाच्या सगळ्यांना सवय झाली, मी थांबलो की माना आपोआप अपाईंकडे वळायच्या. न्यायाधीश तर नाव ऐकलं की मान डोलवायला लागले. शेवटी वर्णन आलं. मी वाचलं, "पाय आखूड," आणि मी थांबायच्या आतच पहिल्या रांगेतून आवाज आला, "मजबूत." माझ्या कागदात ते नाही, पण मंडळाने लिहून घेतलं.

टाळ्या माझ्यासाठी होत्या की त्यांच्यासाठी ते मला कळलं नाही. अध्यक्ष उतरून आले आणि त्यांनी आधी अपाईंशी हात मिळवला. डॉ. लिम बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे मला आधी सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं, लाज वाटली. त्या म्हणाल्या, "माझ्या आजीने आजोबांना चाळीस वर्षं 'अहो, दुकानवाले' अशी हाक मारली. मला नसतं कळलं?" नोकरीचं पत्र काल मिळालं. कायम.

अपाईंना मी जेवायला नेलं. मला खूप बोलायचं होतं. त्यांनी लाक्सा खाल्ली, तिखट कमी आहे म्हणाले, आणि मी आभार मानायला लागलो तर दुसरी वाटी मागवली. कोंबडा दयांगला देऊन टाकला. बसमध्ये चढताना मी म्हटलं, अपाई, तुम्ही असं का केलंत? ते म्हणाले, "बस सुटेल."

तू त्यांच्याशी बोल, रिन्या. आपण दोघांनी त्यांना चुकीचं ओळखलं, की बरोबर ओळखलं आणि ते बदलले, मला सांगता येत नाही.

अपाई उलात


नांगा सेराऊ
२ नोव्हेंबर

जावई,

मिशनच्या शाळेत मी चौथीपर्यंत होतो. अक्षर लागलं नाही तर रिन्याकडून वाचून घे.

इकडे सर्व ठीक. बायांगला कोट परत केला. त्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, तुझ्या आल्याचं नाव कुणी उभं राहून ऐकलंय का? तो घरी गेला.

तू बसपाशी विचारलंस, का केलं. तिथे लोक होते. आता सांगतो.

रिन्या म्हणते मी तुझी नोकरी घालवायला आलो होतो. ती माझी मुलगी आहे, तिला मी कळतो. आलो होतो. मी सगळा हिशेब करून आलो होतो. तू नाव घेतलं नाहीस तर नोकरी जाईल, तुम्ही इथे याल. नाव घेतलंस तर मी लांबघरात येऊन सांगेन की ज्याने सासऱ्याचं नाव पायदळी तुडवलं त्याने निदान सासऱ्याचं बिलिक तरी सांभाळावं, आणि मग लाजेने का होईना, तुम्ही याल. दोन्हीकडून मीच जिंकणार होतो. सापळा चांगला होता.

मग तू उभा राहिलास. त्या खोलीत आपला रिवाज ठाऊक असलेलं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तू नाव घेतलं असतंस तर त्यातल्या एकालाही वावगं वाटलं नसतं. तुझी बायको सांगत होती घे. तुझी सासू कोंबडं कापून बसली होती. तुला फक्त तोंड उघडायचं होतं. तू उघडलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि मिटलंस. आणि कागद गोळा करायला लागलास, माझ्या नावापायी.

मला छपराखाली मुलगा हवा होता. इतकी वर्षं वाटायचं, ह्याने माझी मुलगी नेली आणि मला काही दिलं नाही. ते खोटं होतं. तिथे कळलं, म्हणून उठलो. स्वतःचं नाव स्वतः घेणं आपल्यात शोभत नाही, पण त्याने पोट फुगत नाही. मी पाहिलं.

नव्या छपराखाली मिरी वाळत घालीन. पावसात भिजत नाही आता.

रिन्या आणि उलात मंगळवारच्या बोटीने निघतील. बोट खालच्या खळाळातून जाताना उलातला धरायला माणूस सांगितला आहे. इंदाईने बाटल्या दिल्या आहेत, त्या उभ्या ठेव.

हे पत्र रिन्याच्याच हातात देतो आहे. पाकीट चिकटवलं आहे, पण लुबोक आंतू यायच्या आत ती ते फोडेल. फोडू दे.

मंगळवारी सकाळी मी बोटीपर्यंत येणार नाही, मिरीच्या बागेत फार काम आहे, असं मी तिला सांगितलं आहे. बागेत काही काम नाही.

अपाई